बिनपाण्याच्या चार कण्हेरी

माझ्या अंगणातल्या पांढऱ्या कण्हेरींचं कोणी कौतुक करू लागलं की मी विषय बदलतो. यंदा ज्वारी कशी आहे विचारतो, पाहुण्यांच्या गुडघेदुखीची चौकशी करतो, अगदीच नाही जमलं तर खोकतो. लोकांना तो माझा विनय वाटतो. विनय कसला, शरम आहे ती. त्या चार कण्हेरी मी रुद्रम्मा नावाच्या एका म्हाताऱ्या बाईच्या आणल्या. तिला न विचारता आणल्या. बरं, चोरून आणल्या असत्या तर एक वेळ चाललं असतं, चोराला निदान आपण चोर आहोत हे माहीत असतं. मी त्या रीतसर दरख्वास्त देऊन, सरकारातल्या अकरा जणांच्या सह्या घेऊन आणल्या. रुद्रम्माचं घर माझ्या घरापासून चार घरं सोडून आहे. तिथपर्यंत चालत जायचं तेवढं राहून गेलं.

निजामाच्या राज्यात फसली सन तेराशे बावन्न चालू होतं. मी तहसील कचेरीत अहलकार, म्हणजे कारकून. पण कसब्यातले लोक साहेब म्हणायचे आणि मी त्यांना अडवत नसे. नुकतंच वेशीबाहेर नवं घर बांधलं होतं. तीन खोल्या, वर माळवद, सागवानी दार, दाराला पितळी कड्या. पुढं पश्चिमेकडं तोंड करून ऐसपैस अंगण. दुपारी बारापासून दिवस मावळेपर्यंत ऊन तिथं मुक्कामालाच असायचं. घर बघायला आलेला प्रत्येक जण अंगणात थांबायचा, इकडं तिकडं बघायचा आणि म्हणायचा, "भुंडं वाटतंय बघा." पितळी कड्यांकडं कोणाचं लक्षच जायचं नाही. असे सतरा जण झाले, आणि मी ठरवलं की अंगणात फुलझाडं लावायची.

आमच्या घरी, म्हणजे उमाबाईनं, लगेच हात वर केले. "लावा खुशाल. पण पाणी मी घालणार नाही. विहीर अर्ध्या कोसावर. दोन घागरी प्यायला, एक भांड्याला, एक धुण्याला. ह्यात तुमची झाडं कुठं बसत असतील तर बसवा."

"तुला पाणी घालायला सांगतंय कोण?" मी म्हणालो. मी स्वतः घालीन असं मात्र म्हणालो नाही. अहलकारानं खांद्यावर घागर घेऊन गावातून चालायचं म्हणजे कचेरीचा काय मान राहिला?

मग मी कचेरीतल्या पद्धतीनं एका कागदावर झाडाच्या अंगी काय काय गुण हवेत ते लिहून काढलं. झाड बारा महिने हिरवं असावं. बारा महिने फुलावं. उन्हाला भिऊ नये. पाणी मागू नये. शेळीनं तोंड लावू नये. फूल महादेवाला चालणारं असावं. कागद मी उमाबाईला वाचून दाखवला. तिनं तो शांतपणे ऐकला आणि विचारलं, "बारा महिने टवटवीत आणि मागणं काहीच नाही. अहो, तुम्ही झाड शोधताय का दुसरी बायको?"

शेजाऱ्यांनी मात्र काम मनावर घेतलं. एका बाजूला किराणा दुकानवाले बंडप्पा, दुसऱ्या बाजूला पेन्शनीत निघालेले पेशकार शंकरप्पा. दोघांचं एकमेकांशी कोणत्याच गोष्टीत पटायचं नाही, आणि त्यांच्या मधोमध मी घर बांधलेलं. शंकरप्पा म्हणाले, केवडा लावा. बंडप्पा ओट्यावरून खालीच उतरले. "केवडा? म्हादेवाला न चालनारं फूल लिंगायताच्या दारात? शिव शिवा! पेशकार, पेन्शन घेतली तशी अक्कल बी कचेरीतच जमा करून आलाव का काय?" त्यावर दोघं आठ दिवस बोलत नव्हते. दोघंही माझ्याकडं येऊन एकमेकांबद्दल बोलायचे, त्यामुळं माझे आठ दिवस फुलझाडांविना गेले.

मग बंडप्पांच्या सांगण्यावरून गुलाब लावला. तो मलूल दिसायला लागल्यावर बंडप्पा म्हणाले ताक घाला, शंकरप्पा म्हणाले चुन्याची निवळी घाला. कोणालाच दुखवायला नको म्हणून मी दोन्ही घातलं. गुलाब चौथ्या दिवशी गेला. त्याच आळ्यात जास्वंद लावली, ती श्रीमंत नावाच्या गड्याच्या शेळीनं देठासकट खाल्ली. मी भांडायला गेलो तर श्रीमंतच माझ्यावर उखडला. शेळीचं पोट बिघडलंय, साहेबांनी झाडाला काय काय घातलं होतं ते आधी सांगा, म्हणाला. ताक आणि चुना त्या आळ्यात पडला होता खरा. मी गुपचूप परत आलो. तगर लावली, ती पाण्यावाचून वाळली. शंकरप्पा म्हणाले, रुई लावा, ती मरतच नाही. ते खरं होतं, पण रुई उकिरड्यावरही येते, आणि लोकांनी माझ्या अंगणाला भुंडं म्हटलेलं एक वेळ परवडलं असतं.

अशात उन्हाळ्यात जमिनी तपासणाऱ्या गिरदावरांबरोबर मला रानात जावं लागलं. गावाच्या दक्षिणेला एक बरड तुकडा आहे. त्याचा धनी मेला, मागं नांगरायला कोणी नाही म्हणून त्याच्या बायकोनं जमिनीचा राजीनामा दिला आणि जमीन सरकारजमा झाली होती. कचेरीच्या भाषेत खारिज खाता. त्या रानात गवताची काडी नव्हती. आणि त्याच्या एका अंगाला चार पांढऱ्या कण्हेरी, पुरुषभर उंच, नुसत्या फुलांनी लवलेल्या! आसपास विहीर नाही, माणूस नाही. मी खिशातला कागद काढला. हिरवी, फुललेली, उन्हातली, पाण्याविना, शेळी कण्हेरीला तोंड लावत नाही, आणि पांढरं फूल महादेवाला चालतं. कागदातलं एकूण एक कलम जुळलं.

त्या चारही कण्हेरी चौकोनात उभ्या होत्या, दोरी लावल्यासारख्या. मधे मातीचा उंचवटा होता. आमच्यात माणूस गेला की त्याला बसवून पुरतात, बहुतेक त्याच्याच रानात. ऐपत असली तर वर दगडी कट्टा बांधतात, नसली तर मातीचाच करतात आणि कडेला फुलझाडं लावतात. हे मला कळत्या वयापासून माहीत आहे. माझे स्वतःचे आजोबा असेच बसलेले आहेत. पण त्या दिवशी मी लिंगायत म्हणून रानात गेलोच नव्हतो, अहलकार म्हणून गेलो होतो. निसर्गाला इतकी सरळ रेघ जमते ह्याचं मला कौतुक वाटलं आणि मी फुलं मोजायला लागलो.

दुसरा कोणी असता तर कुदळ घेऊन गेला असता. मी कायद्याचा माणूस. सरकारी जमिनीतलं झाड सरकारचं, तेव्हा सरकारलाच विचारलं पाहिजे. मी दरख्वास्त लिहिली: चार अदद कण्हेर मुळासकट काढून नेण्याची परवानगी मिळावी. नुसती परवानगी कोण देतो? सरकारचाही फायदा दाखवावा लागतो. म्हणून खाली एक कलम जोडलं की, झाडं निघाल्यास जमीन नांगरटीला मोकळी होईल आणि कोणाला तरी पट्ट्यानं कसायला देता येईल. हे कलम मला इतकं आवडलं की मी ते घरी उमाबाईलाही वाचून दाखवलं. ती भाकरी थापत होती, तिनं वर पाहिलं नाही.

दरख्वास्त फिरत फिरत दहाव्या दिवशी माझ्याच मेजावर आली, कारण त्या बाबतीतल्या मिसली, म्हणजे फायली, माझ्याकडंच होत्या. आता स्वतःच्या अर्जावर डोळे झाकून शिफारस केली तर लोक काय म्हणतील? मी निःपक्षपाती माणूस. मी माझ्याच अर्जात त्रुटी काढली: झाडं काढल्यावर पडणाऱ्या खड्ड्यांचं काय? आणि अर्जदार म्हणून स्वतःच उत्तर दिलं: खड्डे बुजवून जागा सपाट करण्यात येईल, कसलीही खूण मागं ठेवण्यात येणार नाही. ह्या प्रामाणिकपणाबद्दल तहसीलदारसाहेबांनी भर कचेरीत माझी पाठ थोपटली.

मग मिसल जंगल खात्याकडं गेली. तिथून उत्तर आलं की कण्हेर आमच्या झाडांच्या यादीत नाही, सबब परवानगी देता येत नाही. बरं, यादीत नाही म्हणजे परवानगी लागत नाही असं लिहून द्या, म्हटलं तर यादीत नसलेल्या झाडाबद्दल आम्ही काहीच लिहू शकत नाही, म्हणाले. सहा आठवडे त्यात गेले. शेवटी त्यांच्या एका कारकुनाची भाची आमच्या नात्यात निघाली, तेव्हा सही मिळाली. पटवाऱ्याला जागेवर जाऊन मौका-पाहणी करायला सांगितलं. तो म्हणाला, उन्हाचं कशाला? आणि चावडीत पान जमवत बसल्या जागी पंचनामा लिहिला. पूर्वेच्या बांधापासून अकरा हात, दक्षिणेच्या बांधापासून सात हात. मी खाली लिहिलं, 'मौका पाहिला, बरोबर आहे.' अकरा सह्यांमधली ती शेवटची.

मिसल इतकी फिरली, तिच्यावर इतक्यांनी शेरे मारले, पण त्या राजीनामा देणाऱ्या बाईला विचारा, असा शेरा एकानंही मारला नाही. मीही नाही. राजीनामा दिल्यावर तिचा हक्क संपला होता.

पाऊसकाळात लिंबाजी नावाच्या मजुराला घेऊन मी रानात गेलो. लिंबाजीनं कुदळ खांद्यावरून उतरवली आणि उभाच राहिला.

"साहेब, हितं?"

"इथंच."

"हितं कुदळ मारू म्हंता?"

मी मिसल उघडून त्याच्यापुढं धरली. शिक्के दाखवले. लिंबाजीला वाचता येत नव्हतं, पण शिक्का कळत होता. त्यानं पायातलं काढलं, पटका काढून खाली ठेवला आणि भुईला डोकं टेकवलं. मग खणायला लागला. सरकारी हुकमाला गरीब माणूस किती मान देतो, असं वाटून मला भरून आलं. घरी येऊन मी तो प्रसंग बंडप्पांना रंगवून सांगितला. बंडप्पा माझ्या तोंडाकडं बघत राहिले, "व्हय का," म्हणाले आणि दुकानात गिऱ्हाईक नसतानाही दुकानात गेले.

कण्हेरी लागल्या. दाराच्या पुढं भिंतीलगत एका ओळीत लावल्या होत्या, एकही मेली नाही. दिवाळीपर्यंत कळ्या आल्या, संक्रांतीला फुलल्या, आणि चैत्रातल्या उन्हात गावातलं बाकी सगळं होरपळत असताना माझं अंगण पांढरं शुभ्र. आणि पाणी? थेंबभर नाही! हे मी येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवू लागलो. सोमवारी मी सकाळी महादेवाच्या देवळात जायचो, उमाबाई विहिरीवर असायची. परत आलं की आळ्यातली माती जरा काळसर दिसायची. ते दव असेल असं मी समजत असे. चैत्रात दव पडत नाही, पण स्वतःचं कौतुक चाललेलं असताना माणूस ऋतूंचा इतका विचार करत नाही.

तामलवाडीहून एक सावकार खास अंगण बघायला आले. तहसीलदारसाहेब घोडा थांबवून म्हणाले, "वाह अहलकारसाब, क्या बाग लगाई है!" चार झाडांना बाग म्हणणारा वरिष्ठ भाग्यानंच मिळतो. मी ओट्यावर खुर्ची टाकून लोकांना समजावून सांगू लागलो की झाडाची निवड करतानाच अक्कल लावली की पुढं निगा लागत नाही. लोक माना डोलवायचे. कण्हेरींकडं बघायचे, मग एकमेकांकडं बघायचे. मला वाटायचं, जळतात.

पुढं फुलं कमी होऊ लागली. पूजेसाठी लोक दुसऱ्याच्या कुंपणावरून फुलं नेतात, हा रिवाजच आहे, त्यात कोणाला काही वाटत नाही. बंडप्पा तर मला हाक मारून, हातात परडी दाखवून न्यायचे. पण मला वाटायला लागलं. अकरा सह्यांची फुलं ती! मी कुंपणावर पाटी लावली, वर उर्दूत, खाली मराठीत: 'बिनपरवाना फुले तोडणाऱ्यावर कारवाई होईल.' दुसऱ्या दिवशी पाटीवर कोणीतरी कण्हेरीच्या फुलांची माळ घालून गेलं.

मग मी चोर धरायचाच असं ठरवलं. सगळ्यांना माहीत होतं की सोमवारी सकाळी आमच्या घरात कोणी नसतं, म्हणजे चोर सोमवारीच येणार. त्या सोमवारी मी देवळात गेलो नाही. महादेवाची मनातल्या मनात माफी मागितली आणि हातात काठी घेऊन दाराआड उभा राहिलो.

फाटक वाजलं. फटीतून बघतो तो रुद्रम्मा. साठीच्या पुढची, वाळलेली, कपाळावर भस्माचे पट्टे, चालताना एक पाय थोडा वाकडा पडणारी. ती पहिल्या कण्हेरीपाशी वाकली. मी दार धाडकन उघडलं.

"सापडली! ए म्हातारे, लाज नाही वाटत? पाटी दिसत नाही? दर सोमवारी माझी फुलं नेतेस काय?"

मी मुद्दाम मोठ्यानं ओरडलो. साक्षीदार लागतात. बंडप्पा ओट्यावर आले, शंकरप्पा धोतर सावरत आले, विहिरीवरून बायका परतत होत्या त्या थांबल्या, त्यांत डोक्यावर दोन घागरी घेतलेली उमाबाईही होती.

रुद्रम्मा सरळ उभी राहिली. तिच्या हातात एकही फूल नव्हतं. कमरेवर घागर होती.

"फुलं न्हाय नेली साहेब," ती म्हणाली. "पानी घालाया आले हुते."

"पाणी? ह्या झाडांना पाणी लागत नाही."

"लागतंय की. समद्यास्नी लागतंय." तिनं घागर खाली ठेवली. "आट वरसं रानात नेऊन घालत हुते, दर सोमवारी. आता हितं घालते. रानापरीस हे जवळ पडतंय मला."

रान म्हणजे कोणतं, हे विचारायची गरज नव्हती. त्या क्षणी मला तो मधला उंचवटा दिसला, इतका स्पष्ट की रानात उभा असतानाही दिसला नव्हता. लिंबाजीचा पटका दिसला. तरी मी वेड्यासारखं म्हणालो, "पण तू... तुम्ही तर राजीनामा दिला होता."

"दिला हुता. तुमच्याच फुडं दिला. तवा म्या सांगितलं हुतं, तेवढा कोपरा सोडून लिवा, तितं आमचे धनी हायत. तुमी म्हनला, कागदात कोपऱ्याला जागा न्हाय."

मी म्हणालो असेन. मला आठवत नाही. मी दिवसाला अशी पन्नास वाक्यं बोलत असे, आणि त्यांतलं हे एक तिनं जपून ठेवलेलं.

मी बंडप्पांकडं वळलो. बुडणारा माणूस दुसऱ्याचा गळा धरतो तसा मी त्यांच्यावर ओरडलो, "तुम्हाला माहीत होतं?"

"गावाला ठावं हुतं," बंडप्पा म्हणाले. "शरणबसप्पाला बसवला तवा खांदा दिलाय म्या."

"मग मला सांगितलं का नाही?"

बंडप्पांनी आधी पाटीकडं बघितलं. "आमाला वाटलं, एवढ्या सह्या घेतल्याव, तर पयली तिचीच घेतली आसंल. आन् घेतली नसंल तर... सरकारी कागुद हाय म्हटल्यावर आमी काय बोलनार, साहेब?" आणि मग, त्यांना राहवेना म्हणून, हळूच म्हणाले, "नुसती फांदी आनून रोवली आसती तरी कन्हेर आली आसती हो. मुळासकट कशाला काडली?"

फांदी! चार वितीच्या चार फांद्या. तीन महिने मिसल फिरली, अकरा सह्या झाल्या, आणि कण्हेर फांदीनं येते हे एकाही सहीवाल्याला ठाऊक नव्हतं, किंवा असेलही, पण अर्जात मुळासकट लिहिलं होतं ना. मी हातातली काठी कुठं ठेवावी ते कळेना म्हणून ती पाठीमागं धरली. उमाबाई दोन घागरी डोक्यावर घेऊन तशीच आत गेली. माझ्याजवळून जाताना तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

त्याच दुपारी मी रुद्रम्माच्या दारात गेलो. चार घरं ओलांडायला मला बराच वेळ लागला. "अव्वा," मी म्हणालो, "झाडं परत नेऊन लावतो. जिथं होती तिथंच. दरख्वास्त न देता लावतो."

तिनं मान हलवली. "पुन्यांदा उपटू नका. आता धरलंय त्येनी मूळ. दोनदा हलवलं की मरतंय झाड."

"मग दगडी कट्टा बांधून देतो. समाधीवर. माझ्या खर्चानं. नाव कोरून."

ती उठली, पदर खोचला आणि म्हणाली, "चला."

लिंबाजीलाही बोलावून घेतलं. आम्ही तिघं रानात गेलो. माझ्या काखेत मिसल होती. तिथं पोचेपर्यंत मला धीर होता, कारण मिसलीत माप होतं.

रान ओळखूच आलं नाही. माझ्या त्या आवडत्या कलमानं आपलं काम चोख केलं होतं. झाडं निघाल्यामुळं जमीन नांगरटीला मोकळी झाली, ह्या कारणानं तहसीलदारसाहेबांनी ती हिंमतराव नावाच्या शेतकऱ्याला पट्ट्यानं दिली होती. हिंमतरावाचा काही दोष नाही. त्यानं आडवी उभी दोनदा नांगरली, कुळवली आणि ज्वारी काढली. समोर सारखी भुई होती आणि तिच्यावर धसकटं. उंचवटा कुठंच नव्हता.

"लिंबाजी, तू खणलंस. खड्डे कुठं होते?"

लिंबाजी दहा पावलं इकडं गेला, सहा पावलं तिकडं गेला. "हितं... न्हाय, तितं आसंल." तो रडकुंडीला आला. "साहेब, तुमीच सांगितलं हुतं, खून ठेवू नगंस. पार सपाट केलं हुतं म्या. येक खडा बी वर ठेवला न्हवता."

मी मिसल उघडली. पूर्वेच्या बांधापासून अकरा हात. मी धोतर वर खोचून हातानं मोजत गेलो, अहलकार, भर उन्हात, धसकटांतून, गुडघ्यांवर. दक्षिणेच्या बांधापासून सात हात. दोन्ही मापं जिथं मिळाली तिथं मोठा काळा खडक होता, जमिनीतून वर आलेला, निजामाच्या आधीपासूनचा. तिथं कण्हेर काय, कुसळ लागलं नसतं. पंचनाम्याखाली माझी सही होती. मौका पाहिला, बरोबर आहे.

मी तिथंच बसलो. मला रडू यायला लागलं, आणि चाळिशीच्या माणसाला रडताना तोंड कुठं लपवायचं ते रानात कळत नाही. मी म्हणालो, "अव्वा, मला सापडत नाही."

रुद्रम्मा उभ्या रानावरून नजर फिरवत होती. "झाडं हुती तवर मला बी डोळं झाकून जाता येत हुतं," ती म्हणाली. मग, मला नव्हे, स्वतःलाच सांगितल्यासारखं म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. रान समदं त्येंचंच हुतं. कुठं का आसंनात, रानातच हायत." तिनं पायातलं काढून हातात घेतलं आणि बांधापर्यंत अनवाणी चालत गेली. लिंबाजी तिच्या मागं गेला. मी मिसल उचलून त्या दोघांच्या मागून गेलो.

ह्यानंतर मी पाटी काढली. सोमवारी घरी थांबू लागलो, फाटक उघडून ठेवू लागलो. घागर मी आणतो म्हटलं तर रुद्रम्मानं ऐकलं नाही. उमाबाई माझ्याशी पंधरा दिवसांनी बोलली.

गोष्ट इथं संपती तर माझी थोडी तरी लाज राहिली असती. पण त्याच महिन्यात तहसीलदारसाहेबांचा हुकूम आला. कचेरीपुढंही असलीच बिनतकलीफ फुलझाडं लावायची आहेत, तरी अहलकारानं आपल्या झाडांचा तपशील लिहून द्यावा. मी लिहिलं: कण्हेर पांढरी, बारमाही हिरवी, बारमाही फूल. उन्हात वाढते. निगा: दर सोमवारी पाणी. पाणी घालणार: रुद्रम्मा, शरणबसप्पाची बायको. निदान एका सरकारी कागदावर तिच्याबद्दल खरं काय ते यावं असं मला वाटलं. दोन दिवसांनी कागद परत आला. साहेबांनी लाल शाईनं शेरा मारला होता, 'खाजगी नाव अनावश्यक. निगा लागत नाही असे लिहावे.'

मी अर्धा दिवस तो कागद पुढं घेऊन बसलो. मग तिचं नाव खोडलं आणि सांगितलं तसं लिहिलं. नोकरी होती, घरात पोरं होती. कारणं खूप आहेत, पण खोडलं मी, माझ्या हातानं, रेघ सरळ यावी म्हणून पट्टी ठेवून.

त्यानंतरच्या सोमवारी ती आली तेव्हा मी फाटकापाशीच होतो. तिच्याकडं बघवेना म्हणून खाली बघत होतो. तिनं चारही झाडांना पाणी घातलं, मातीला हात लावून कपाळाला लावला आणि माझ्यापुढं येऊन थांबली. तोवर कधीही तिनं मला साहेबाशिवाय हाक मारली नव्हती.

"अप्पा," ती म्हणाली, "तोंड का असं उतरलंय? बरं न्हाय का? असं उन्हाचं हुबं ऱ्हाऊ नये." आणि घागर तिरकी करून म्हणाली, "हात धरा. ऱ्हायलंय थोडं."

मी ओंजळ पुढं केली आणि ते पाणी प्यालो.